पत्रिका द्या, मी येतो

"ताई, मी काल पुनावळ्यात काय बोललो?"

भाऊंचा फोन आला तेव्हा मी प्रचार कार्यालयाचं शटर वर ढकलत होते. आपण काय बोललो हे उमेदवार दुसऱ्याला विचारतो, तेव्हा व्हिडिओ बाहेर आलेला असतो. मी पर्स टेबलावर ठेवायच्या आधी मोबाईल उघडला. आला होता.

व्हिडिओ छोटासाच. एका नव्या सोसायटीचं क्लबहाऊस. भाऊ मधल्या खुर्चीत, गळ्यात शाल, हातात सोसायटीने दिलेलं तुळशीचं रोप. अमेय नावाचा एक तरुण उभा राहतो. हिंजवडीत आयटीत आहे, असं सांगतो. शेजारच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून विचारतो, "हा माझा पार्टनर. आम्ही बरीच वर्षं एकत्र राहतोय. आम्हाला लग्न करायचंय. कायदा परवानगी देत नाही. तुम्ही आमदार झालात तर तुमची भूमिका काय असेल?"

भाऊ क्षणभरही थांबत नाहीत. हात जोडून म्हणतात, "पत्रिका द्या, मी येतो."

टाळ्या. शिट्ट्या. तो पार्टनर मुलगा डोळे पुसतो. खाली कुणीतरी मथळा घातला होता: 'समलिंगी विवाहाला भाऊंचा जाहीर पाठिंबा'.

"भाऊ, तुम्ही प्रश्न नीट ऐकला होता का?"

"ऐकला की. लग्न म्हणाला तो. लग्न म्हणल्यावर मी दुसरं काय बोलणार?"

हे खरं होतं. ते समजण्यासाठी भाऊ आणि माझं काम, दोन्ही थोडं सांगायला हवं.

मी चाकणच्या एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते. कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, कुठला पार्ट निघणार, हे ठरवणं म्हणजे प्लॅनिंग. कंपनीने प्लँट दुसऱ्या राज्यात हलवला, मी व्हीआरएस घेतली, आणि एका नातेवाइकाच्या ओळखीने निवडणूक कार्यालय सांभाळायला लागले. लोकांना वाटतं हे काम वेगळं असेल. नाही. मटेरियल वेळेवर यायला हवं, माणसं जागेवर हवीत, आणि वरिष्ठांनी मधेच प्लॅन बदलू नये. तिन्ही गोष्टी दोन्हीकडे होत नाहीत.

माझ्याकडे दोन मुख्य कामं होती. एक 'लाईन'. लाईन म्हणजे एखाद्या विषयावर उमेदवाराने काय बोलायचं ते. पाण्यावर लाईन, ट्रॅफिकवर लाईन, कचऱ्यावर लाईन. दुसरं काम 'दौरा'. म्हणजे भाऊंनी दिवसभरात कुठे, किती वाजता जायचं ते. पैकी लाईन भाऊ कधीच पाळत नसत. दौरा मात्र शब्दशः पाळत.

कारण भाऊंचं सगळं राजकारण हजेरीवर उभं होतं. शाळेनंतर ते थेट राजकारणात आले आणि तेव्हापासून त्यांनी एकही बारसं, साखरपुडा, लग्न, वास्तुशांत, दहावं सोडलेलं नाही. टेबलावर एक ट्रे होता. पत्रिका आली की ट्रेमध्ये. संध्याकाळी मी ट्रे रिकामा करून दौरा लावायचा. भाऊंनी पहिल्याच दिवशी मला नियम सांगितला होता: "ताई, पत्रिका कुनाची हाय, हे बघायचं न्हाई. आली का, जायचं. बघायला लागलं की माणूस निवड करतो, अन् निवड केली की कुनीतरी नाराज हुतं." फक्त पत्रिका छापील हवी. व्हॉट्सॲपवर आलेलं निमंत्रण ते धरत नसत. म्हणायचे, ज्याने छापली त्याने मनापासून बोलावलं.

असा माणूस लग्न शब्द ऐकल्यावर दुसरं काय बोलणार?

पण व्हिडिओ फिरला होता, आणि दुपारपर्यंत एलजीबीटी या विषयावर लाईन लागणार होती. भाऊ कार्यालयात आले. सोबत त्यांचा सोशल मीडियावाला गणेश.

"सोसायट्यांत लोक खूश आहेत," गणेश म्हणाला. "हा व्हिडिओ ठेवू या."

"गावठाणात नाना हायेत," भाऊ म्हणाले.

नाना म्हणजे भाऊंचे चुलते. जुन्या पुनावळ्याच्या भजनी मंडळाचे प्रमुख. गावठाणातलं मत कुठे जायचं ते नाना भजनानंतर चहा पिता पिता ठरवत, असं सगळे मानत. नानांनी तसं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पण भाऊ जगात एकाच माणसाला घाबरत.

तासाभरात तीन लायनी तयार झाल्या. सोसायट्यांत म्हणायचं, "मी सगळ्यांचा हाय." गावठाणात म्हणायचं, "आपली संस्कृती आपल्याला प्यारी." आणि पत्रकाराने विचारलं तर, "विषय केंद्राचा हाय."

"कंपनीत एका लायनीवर एकच पार्ट निघतो, भाऊ," मी म्हटलं.

"म्हणून कंपनी गेली ना ताई तुमची."

मी तिन्ही लायनी टाइप करायला घेतल्या.

दोन दिवसांनी एका संस्थेचा फॉर्म आला. त्यांनी सगळ्या उमेदवारांना पाठवला होता. विधानसभेत काय कराल, असे प्रश्न होते आणि पुढे दोनच रकाने: हो, नाही. तृतीयपंथीयांच्या कल्याण मंडळाला निधी, पोलिस भरती, सरकारी दवाखान्यात नीट वागणूक, भाड्याचं घर, शाळेत चिडवणाऱ्यांना आळा, एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना हक्क. सगळ्यांची उत्तरं ते छापणार होते.

"मधे एक रकाना काढा," भाऊ म्हणाले. "विचाराधीन."

"फॉर्म त्यांचा आहे. आपल्याला रकाना काढता येत नाही."

भाऊ खुर्चीत चुळबुळ करू लागले. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊ, एक माणूस दवाखान्यात गेला. ह्याला पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं का बायकांच्या, हे कळेना म्हणून त्याला परत पाठवला. बरोबर की चूक?"

"चूक! माणूस मेला म्हणजे? कुठला दवाखाना सांगा, आत्ता जातो."

"आणि भरतीत एखादी व्यक्ती धावण्यात पहिली आली, लेखी पास झाली, पण पुरुष की बाई ह्यावरून फॉर्म बाद केला."

"पळाली ना? मग घ्यायचं. त्यात काय विचारायचं?"

"हे ह्या फॉर्ममधले प्रश्न आहेत. दोन्हींना हो लिहू?"

भाऊंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या खिशातून पाकीट काढलं. "थांबा थांबा. हे त्यातलं हाय व्हय? मग विचाराधीन."

फॉर्म टेबलावर राहिला.

त्या आठवड्यात सोनल आली.

उंच, पंजाबी ड्रेस, खांद्याला कंपनीची बॅग, गळ्यात ओळखपत्र. खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाली, "मॅडम, मी ट्रान्सवुमन आहे. आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला बघत बसायला नको." मग बसली.

ती चाकणला एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होती. माल गाडीत चढायच्या आधी जी शेवटची नजर फिरते, ती हिची. मी म्हटलं, मी प्लॅनिंगला होते. ती हसली. "म्हणजे तुम्ही आमच्यावर ओरडायचात, माल सोडा म्हणून." ओरडायचे, खरं आहे.

तिची अडचण सरळ होती. ती व्हिडिओतल्या त्याच सोसायटीत बी विंगमध्ये भाड्याने राहायची. तिला पाहून घरमालकाला काही वाटलं नव्हतं. तो नगरला असतो, भाडं वेळेवर मिळतं, विषय संपला. पण सोसायटीच्या चेअरमन साहेबांनी त्याला फोन करून सांगितलं की रहिवाशांच्या तक्रारी आहेत, भाडेकरू बदला. मालकाने महिनाअखेरपर्यंत फ्लॅट सोडायला सांगितलं होतं. याआधी दोन घरं तिने अशीच सोडली होती. आता कंपनीच्या बसच्या वाटेवर दुसरं घर मिळेना. एजंट फोनवर हो म्हणायचे आणि भेटल्यावर फ्लॅट आत्ताच गेला म्हणायचे.

"तक्रारी काय आहेत?"

"लिफ्टमध्ये मुलं प्रश्न विचारतात म्हणे."

"काय विचारतात?"

"दीदी, तुमची उंची किती? मी सांगते."

"कायद्याने ट्रान्स व्यक्तीला घर नाकारता येत नाही," मी म्हटलं. फॉर्म आल्यापासून मी थोडं वाचलं होतं.

"कायदा मला पाठ आहे, मॅडम. कायदा लिफ्टमध्ये भेटत नाही. चेअरमन भेटतात." मग तिने मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. "भाऊ असं बोलले म्हणून आले. चेअरमन फक्त भाऊंचं ऐकतात. भाऊंनी त्यांना एक फोन करायचा, एवढंच. मला भाषण नको."

चेअरमन भाऊंचं ऐकत, हेही खरं होतं. सोसायटीपुढचा रस्ता नकाशात रुंद आणि जागेवर अर्धा होता. चेअरमन साहेबांना तो पुरा हवा होता, आणि भाऊंशिवाय तो होणार नाही असं भाऊंनीच त्यांना पटवलं होतं.

मी सोनलला बाहेर बसवलं आणि आत गेले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. हळहळले सुद्धा.

"वाईट वागतात राव लोक. घर म्हणजे काय चेष्टा हाय?"

"मग फोन लावते. एका मिनिटाचं काम आहे."

"फोन नको."

"का?"

"ताई, फोन केला की लाईन झाली ना! चेअरमन उद्या सगळ्यांना सांगंल, भाऊंनी तिच्या बाजूनं फोन केला. संध्याकाळी नानांच्या कानावर. निवडणुकीनंतर बघू."

"तिची मुदत महिनाअखेर आहे. निवडणूक त्यानंतर."

"मग तिला म्हणावं, जरा धीर धर."

"कुठे राहून?"

भाऊंनी पेपर उघडला. पेपर कालचा होता.

मी बाहेर आले. सोनलला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. ती बॅग उचलायला लागली.

"घरात पूजा घातली का हो कधी?" मी विचारलं.

"काय?"

"सत्यनारायण."

"राहूनच गेली. आई सारखी म्हणते. लातूरकडे, औशाला असते ती. म्हणते, घरात पूजा घाल, मग येते. अजून माझ्या कुठल्याच घरी आलेली नाही."

"मग घाला. महिनाअखेरच्या आत. आईला बोलवा. आणि पत्रिका छापा. व्हॉट्सॲपवर नको, छापील. सोसायटीत वाटा. पहिली चेअरमनना द्या. एक इथे आणून द्या."

"चेअरमन येणार नाहीत."

"भाऊ येतील. भाऊ आले की चेअरमन येतील."

"भाऊ फोन करायला तयार नाहीत, मॅडम, आणि घरी येतील?"

"फोनला भूमिका लागते," मी म्हटलं. "पत्रिकेला लागत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. इन्स्पेक्शनवाल्यांची असते तशी नजर, पार्ट पास करायचा की परत पाठवायचा. मग म्हणाली, "गुरुजी मिळतील का?"

गुरुजी मिळाले. त्यांनी वेळ आणि मजला एवढंच विचारलं, लिफ्ट आहे ना, म्हणून. पत्रिका आली. पिवळी, वर गणपती, खाली 'निमंत्रक: सोनल आणि आई'. मी ती ट्रेमध्ये ठेवली, दोन लग्नं आणि एका बारशाच्या मध्ये. संध्याकाळी नेहमीप्रमाणे दौरा लावला. भाऊंना पाठवला. त्यांचा नेहमीप्रमाणे अंगठा आला.

पूजेच्या दिवशी मी मुद्दाम गाडीत बसले. सोसायटीच्या गेटवर गाडी थांबली तसा वॉचमनने इंटरकॉम उचलला. आम्ही लिफ्टपर्यंत पोचायच्या आत चेअरमन साहेब धावत आले. एका हाताने शर्ट खोचत होते.

"भाऊ! सांगायचं नाही का? चला, क्लबहाऊसमध्ये बसू. रस्त्याचा नकाशा काढूनच ठेवलाय."

"आधी पूजा," भाऊ म्हणाले.

"कुठली पूजा?"

"बी विंगला. तुम्हाला पत्रिका न्हाई?"

चेअरमन साहेबांनी शर्ट पुन्हा खोचला. तो आधीच खोचलेला होता. "आहे. म्हणजे, आली होती."

"मग चला की. प्रसाद चुकवू नये."

लिफ्टमध्ये भाऊ, मी, गणेश आणि चेअरमन. चेअरमन साहेब मजल्याचे आकडे असे वाचत होते, जणू पहिल्यांदाच बघत आहेत.

दार उघडं होतं. आत उदबत्तीचा वास, चौरंगाला केळीचे खांब, स्टीलची ताटं. बी विंगच्या दहाबारा बायका सतरंजीवर बसल्या होत्या, हातात प्रसादाचे द्रोण. सोनल हिरव्या काठाच्या साडीत. शेजारी तिची आई, बारीकशी, डोक्यावर पदर, नव्या घरात कुठे बसावं हे न कळल्यासारखी भिंतीला टेकून.

भाऊंनी चौरंगापुढे डोकं टेकलं. मग सवयीने घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचे पाय धरले. "आई, आशीर्वाद द्या."

आई गांगरली. "माझ्या लेकीनं बोलावलं म्हनून आलाव. लई बरं केलं बाबा."

भाऊ सतरंजीवर बसले. शिऱ्याचा घास घेतला. आणि जे ते प्रत्येक घरात, प्रत्येक बारशाला, प्रत्येक दहाव्याला विचारतात, ते त्यांनी विचारलं. "काही अडचण हाय का?"

"टँकरचं जरा..." चेअरमन साहेब सुरू झाले.

"तुम्हाला न्हाई. घरच्यांना विचारतोय."

सोनलने पदर सारखा केला. आवाज चढवला नाही. "अडचण काही नाही, भाऊ. फक्त पुढच्या महिन्यात आलात तर मी इथे नसेन. तीस तारखेला सोडायला सांगितलंय."

आई लेकीकडे बघायला लागली. तिला हे माहीत नव्हतं. ती औशाहून एसटीने घर बघायला आली होती.

भाऊंचा चमचा द्रोणात थांबला. एव्हाना मी त्यांना ओळखायला लागले होते. त्या क्षणी त्यांनी माझ्याकडे लाईनसाठी बघितलं नाही. त्यांनी त्या आईकडे बघितलं आणि मग चेअरमन साहेबांकडे.

"का वो चेअरमन?"

"भाऊ, तसं नाही. सोसायटीतल्या काही लोकांचं म्हणणं..."

"कुनाचं?"

"म्हणजे, रहिवाशांचं."

भाऊंनी सतरंजीवरच्या बायकांकडे पाहिलं. "हे रहिवासीच हायेत ना? कुनाचं म्हणणं हाय?"

एक काकू द्रोण खाली ठेवून म्हणाल्या, "मला तर कुणी विचारलंच नाही बाई." दुसरी म्हणाली, "मलाही नाही." तिसरी म्हणाली, "आम्हाला पार्किंगचंसुद्धा विचारत नाहीत," आणि विषय भलतीकडे जायला लागला. भाऊंनी हात वर करून तो परत आणला.

"मग कुनाचं म्हणणं?"

चेअरमन साहेबांच्या हातात प्रसाद होता. प्रसाद हातात घेऊन खोटं बोलणं आपल्याकडे अजून थोडं जड जातं. "गैरसमज झाला असेल," ते म्हणाले.

"मग मालकाला फोन लावा अन् सांगा, गैरसमज झालता म्हणून. माझा फोन नको. तुमचाच लावा. ह्यो विषय सोसायटीचा हाय."

फोन स्पीकरवर लागला. नगरचा मालक गोंधळला. "अहो, मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणाला होतात, काढा म्हणून."

"हो, पण आता भाऊ इथे बसलेत. पूजेला."

"कुठे? माझ्या फ्लॅटमध्ये?" मालकाचा आवाज एकदम भरला. "फोटो काढा साहेब! आणि तिला म्हणावं, राहू दे निवांत."

आईने पदराने तोंड पुसलं. सोनल उठून आत गेली आणि भाऊंसाठी आणखी शिरा घेऊन आली.  डॉक्टरांनी साखर बंद केली असताना भाऊंनी तोही खाल्ला.

खाली येताना चेअरमन साहेब म्हणाले, "भाऊ, मग तेवढं रस्त्याचं..."

"विषय महापालिकेचा हाय," भाऊ म्हणाले.

गणेशने फोटो टाकला. 'बी विंगमध्ये सत्यनारायण पूजेस सदिच्छा भेट.' तासाभरात ए विंगमधून तक्रार आली की आमच्याकडे भाऊ कधीच येत नाहीत. त्या आठवड्यात ए विंगमधून तीन पत्रिका आल्या. त्यातली एक कुत्र्याच्या वाढदिवसाची होती. तीही दौऱ्यात लावली.

पूजेहून परतताना आम्ही गाडीत होतो. भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ताई, मला येडा समजता व्हय? पत्रिका मी बघितली होती. सोनल अन् आई. वाचता येतं मला."

"मग काही बोलला नाहीत?"

"पत्रिकेला कोण न्हाई म्हणतं? फोन केला असता तर लाईन झाली असती. प्रसादाला लाईन नसती."

मी खिडकी खाली केली. प्लॅनिंगमध्ये याला म्हणतात, वरिष्ठांना प्लॅन आधीच माहीत होता आणि त्यांनी तुम्हाला घाम गाळू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कार्यालयात आले. काठी टेकत, टोपी सरळ, दोन भजनकरी मागे. भाऊ उभे राहिले. एवढे पटकन ते पक्षाच्या अध्यक्षांसमोरही उभे राहत नाहीत.

"काल कुनाच्यात सत्यनारायनाला गेलतास म्हनं," नाना म्हणाले.

"नाना, ते पत्रिका आली होती, म्हणून..."

"भजन कुनाचं व्हतं?"

"काय?"

"भजन, भजन! कुनाच्या मंडळाचं व्हतं?"

"भजन... न्हवतं, नाना."

नानांनी काठी फरशीवर आपटली. "सत्यनारायन अन् भजन न्हाई? आन् तू त्यात जाऊन शिरा खाऊन आलास? आमचं मंडळ काय मेलंय व्हय? सोसायट्या झाल्यापासनं आमाला कुनी इचारीना झालंय. त्वा तरी सांगायचं व्हतं!"

भाऊंनी आवाज खाली आणला. "नाना, ती मुलगी तृतीयपंथी हाय."

"मला ठावं हाय. डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं. तिला सांग, पुढच्या बारीला आमाला बोलवायचं. मृदंग आमचा. च्या दिला तरी चालंल."

नाना गेले. भाऊ खुर्चीत बसले. एवढे दिवस ज्याच्या भीतीने तीन लायनी केल्या, ती भीती मृदंगाचं आमंत्रण मागून गेली होती.

"भाऊ, मग गावठाणाची लाईन बदलायची का?"

भाऊंनी ट्रेमधल्या पत्रिका सारख्या केल्या. "नको. नाना भजनाला जातील. पण भूमिका म्हटलं की बिथरतील. मी तरी कुठं वेगळा हाय?"

"आणि हा फॉर्म? संस्थेचा फोन येतोय. उद्या छापणार आहेत."

भाऊंनी फॉर्म जवळ ओढला. चष्मा लावून पहिल्यांदाच पूर्ण वाचला. मग भाड्याच्या घराच्या प्रश्नावर बोट ठेवलं. "ह्याला हो लिहा. तो झालेला हाय."

"आणि दवाखाना? भरती? तुम्हीच मला हो म्हणाला होतात."

"ते तोंडी होतं."

"बाकीचे मग?"

"बाकीच्यांची पत्रिका येऊ द्या."

मी फॉर्म तसाच पाठवला. एक हो, बाकी कोरे. संस्थेने तसाच छापला. इतर उमेदवारांचे रकाने एकतर सगळे कोरे होते, नाहीतर सगळे हो, आणि सगळे हो लिहिणाऱ्यांपैकी कुणी सोनलच्या घरी गेल्याचं मला माहीत नाही. भाऊ निवडून आले. पत्रकाराने विचारलं तेव्हा म्हणाले, विषय केंद्राचा हाय. प्रचाराच्या शेवटच्या फ्लेक्सवर सोनलच्या आईचे पाय धरतानाचा फोटो होता, 'घर मिळवून देणारे भाऊ' असा. गावठाणातल्या फ्लेक्सवर तोच फोटो होता, फक्त 'मातृभक्त भाऊ' असं लिहिलं होतं. सोनल अजून तिथेच राहते. मध्ये तिचा फोन आला होता, भजन झालं, नाना निघायलाच तयार नव्हते, म्हणून.

मी या सगळ्यातून एक कामाची गोष्ट शिकले. नेत्याला भूमिका विचारली की तो दिल्लीकडे बोट दाखवतो. घरी बोलावलं की येतो, आणि आला की त्याला दिसतं. ज्याचं काम अडलंय त्याने हे जरूर करून बघावं. पण मी प्लॅनिंगची बाई आहे, मला हिशेब लागत नाही तेव्हा झोप लागत नाही. घराला सत्यनारायण घालता येतो. पोलिस भरतीला घालता येत नाही. दवाखान्याच्या दारातून परत फिरणाऱ्याने पत्रिका कधी छापायची? प्रत्येक हक्कासाठी शिरा करायचा म्हटला तर रवा पुरणार नाही. त्यासाठी तो दुसरा रस्ताच लागतो, रकान्यात हो लिहिण्याचा, आणि तो रस्ता सोनलच्या सोसायटीपुढच्या रस्त्यासारखा नकाशात रुंद आणि जागेवर अर्धा आहे.

मागच्या आठवड्यात व्हिडिओतल्या अमेयची पत्रिका आली. तळेगावला एका हॉलमध्ये समारंभ आहे. कायद्यात बसत नसल्यामुळे 'विवाह' लिहिलेलं नाही, 'स्नेहमेळावा' लिहिलंय. दोघांची नावं आहेत, दोघांच्या आईवडिलांचीही.

छापील आहे. मी ट्रेमध्ये ठेवली.